सिंथमधला ‘पॅच’, आणि त्याला ठिगळ का म्हणू नये

प्रश्न असा आहे: एका ओपन सोर्स सॉफ्टवेअर सिंथच्या (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज बनवणारं वाद्य) मेन्यूचं मराठी करायचंय, त्यात ‘पॅच’, ‘प्रीसेट’ आणि ‘प्रोग्रॅम’ हे तीन शब्द सारखे येतात, तिन्हींचा अर्थ एकच वाटतो, आणि डिक्शनरीत पॅच म्हणजे ठिगळ दिलंय, मग ‘ठिगळ जतन करा’ असं लिहायचं का?

नको हो, कृपा करा. आवाज फाटलेला असेल तर गोष्ट वेगळी.

इंग्रजीत शब्द तोच आहे पण त्याला दोन फांद्या फुटल्यात. सॉफ्टवेअर अपडेटवाला पॅच खरोखर ठिगळाकडून आलाय, जुन्या काळी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे आणि चुकीचं भोक कागदाचा तुकडा चिकटवून बुजवायचे. सिंथमधला पॅच मात्र वायरकडून आलाय. टेलिफोन एक्स्चेंज, रेडिओ, रेकॉर्डिंग स्टुडिओ, सगळीकडे दोन भोकांमध्ये तात्पुरती वायर खुपसून जोड करायची त्याला पॅच करणं म्हणायचे, आणि ती वायर म्हणजे पॅच कॉर्ड. १९६४ च्या आसपास रॉबर्ट मूग या अमेरिकन इंजिनिअरचे मोठे मॉड्युलर सिंथ आले तेव्हा त्यातले ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा), अँप्लिफायर सगळे सुटे सुटे डबे होते, वायरी खुपसून त्यांची जोडणी केल्याशिवाय आवाजच निघायचा नाही. म्हणजे आवाज बनवणं म्हणजेच वायरी लावणं. त्यामुळे पॅच हा आधी क्रियापद आणि मग त्या क्रियेतून जे तयार झालं त्याचंही नाव. (असला एक मूग १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, आणून बसवला होता, तेव्हा हे प्रकरण आपल्याकडे फार उशिरा पोचलं असं समजू नका.)

आणि या पॅचला मेमरी नव्हती. आवाज आवडला तर एकतर वायरींना हात लावायचा नाही, नाहीतर पॅनेलचं चित्र छापलेल्या कागदावर कुठली वायर कुठून कुठे आणि कुठला नॉब किती फिरवलाय ते पेनने लिहून ठेवायचं. त्या कागदाला पॅच शीट म्हणतात. तुमच्या मेन्यूतलं ‘सेव्ह पॅच’ हे खरंतर त्या कागदाचं वारस आहे.

गंमत पुढे आहे. १९७० च्या मिनीमूगमध्ये मुख्य जोडण्या आतच पक्क्या करून टाकल्या, वायरी गेल्या. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि ४० आवाज मशीनमध्येच साठवता यायला लागले. वायर नाही, कागद नाही, तरी शब्द काही गेला नाही. हां, एक नवीन डोकेदुखी आली, साठवलेला आवाज परत बोलावला की नॉब एकीकडे दाखवतोय आणि आवाज भलतीकडेच. सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप सुटलं कारण स्क्रीनवरचा नॉब पॅच बदलला की स्वतःच फिरतो. मला विचाराल तर चित्रातल्या नॉबने खऱ्या नॉबवर केलेली ही एक निखळ मात आहे, बाकी माऊसने गोल नॉब फिरवणं हा वैतागच, म्हणून तर बहुतेक सिंथमध्ये माऊस गोल नाही, वर-खाली ओढायचा असतो.

वायरी पण परत आल्याच. २००० साली आलेल्या रीझन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबला की स्क्रीनवरचा यंत्रांचा अख्खा रॅक उलटा होतो आणि पाठीमागच्या वायरी दिसतात, वर झोके पण खातात. २०१७ चा व्हीसीव्ही रॅक हा सॉफ्टवेअर सिंथ तर पूर्ण वायरींचाच, तिथे पॅच शब्द शब्दशः खरा आहे. सीरमसारख्या सिंथनी उलटा रस्ता धरला, वायर दाखवलीच नाही, एलएफओ (एखादा नॉब आपोआप हळूहळू हलवत ठेवणारा भाग) माऊसने उचलून नॉबवर टाकायचा, नॉबभोवती रंगीत कड उमटते, झाली जोडणी. दिसायला वेगळं, पण काम पॅच कॉर्डचंच.

आता तिघांमधला फरक. प्रीसेट म्हणजे कंपनीने किंवा कुणीतरी आधी लावून दिलेलं, तयार. पॅच तुम्ही स्वतः केलेला पण असू शकतो. आणि प्रोग्रॅम हा हिशेबाचा शब्द आहे, १९८३ च्या मिडीमध्ये (इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा) ‘प्रोग्रॅम चेंज’ नावाचा संदेश आहे, त्यात १२८ जागा, आणि पुढे १९९१ च्या जनरल मिडी यादीत १०५ वर सितार, ११२ वर सनई असे नंबर ठरले. म्हणून ‘प्रोग्रॅम’ जिथे नंबरासोबत येतो तिथे तसाच ठेवा, ‘कार्यक्रम क्र. १२’ लिहिलंत तर लोक नाट्यगृह शोधतील. पण हा फरक कंपन्यांनीच धड पाळलेला नाही. यामाहा डीएक्स७ मध्ये याच गोष्टीला ‘व्हॉइस’ म्हणतात, कॉर्गमध्ये ‘प्रोग्रॅम’, रोलँड डी-५० मध्ये दोन ‘टोन’ मिळून एक ‘पॅच’. त्यामुळे तुमचा गोंधळ झाला यात तुमचा काही दोष नाही.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला ‘टोन’ म्हणतो, ‘बासरीचा टोन लाव’. ऑक्टापॅडवाला मात्र ‘पॅच’ म्हणतो, कारण रोलँडच्या एसपीडी-२० वर तोच शब्द आहे, आठ पॅडवर कुठला आवाज कसा वाजणार त्या अख्ख्या मांडणीला पॅच. हलगीचा पॅच, लावणीचा पॅच, सर्रास चालतं, आणि नव्या मॉडेलवर ‘किट’ लिहिलेलं असलं तरी तोंडात पॅचच. म्हणजे शब्द मराठीत आलेलाच आहे, पुल्लिंगी आहे, अनेकवचन पण पॅचच, आणि तो ‘लावतात’ किंवा ‘टाकतात’.

अगदी मराठीच हवा असेल तर मी ‘जुळणी’ सुचवेन. छापखान्यात अक्षरजुळणी म्हणायचे, ते कामाचंही नाव आणि तयार झालेल्या मजकुराचंही, पॅचचं नेमकं तेच आहे. पण मेन्यूत ‘जुळणी’ वाचून कुणाला काय कळणार, म्हणून ती हेल्पच्या पानावर एकदा समजावून सांगायला वापरा, आणि बटणावर सरळ ‘पॅच सेव्ह करा’, ‘पॅच लावा’, आणि ज्याला इंग्रजीत इनिट पॅच म्हणतात त्याला ‘कोरा पॅच’ लिहा.