मशीन एकदाच चुकलं तरी त्यावरचा विश्वास का उडतो? यात भावनांचा भाग किती?

जवळजवळ सगळा. ३२ वर्षं बँकेत कॅशला बसलो म्हणून बोलतोय. दुसरं कारण माझा थोरला भाऊ.

२०१४ ची गोष्ट. वहिनीला रात्री दवाखान्यात हलवलं. डिपॉझिट भरायचं म्हणून दादा समोरच्या एटीएमवर गेला. आत नोटा मोजल्याची खरखर ऐकू आली, पण पैसे काही बाहेर येईनात. मोबाइलवर मेसेज मात्र लगेच : १०,००० वजा. दादाने मशीनला लाथ घातली. (वॉचमनने पाहिलं म्हणून कळलं, तो कधीच कबूल झाला नसता.) नोटा आत अडकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मशीनची कॅश मोजली तेव्हा बरोबर १०,००० जादा निघाले, चौथ्या दिवशी खात्यात जमा. हिशोब रुपयाने चुकला नव्हता. तरी दादा त्यानंतर एटीएमची पायरी चढला नाही.

त्याच्या दोनच वर्षं आधी याच दादाला मी स्वतः काउंटरवरून ५०० च्या दोन नोटा कमी दिल्या होत्या. संध्याकाळी घरी गेलो, कान पकडले, हजार रुपये हातात ठेवले. वहिनीने चहा टाकला, विषय संपला. मी ओशाळलेला त्याला दिसलो ना! मशीन ओशाळत नाही. दवाखान्यासमोर काय नि थिएटरसमोर काय, 'क्षमस्व' एकाच सुरात. राग त्या सुराचा असतो, पैशांचा नसतो. दादाला हे आजही पटत नाही. म्हणतो, "तू बँकेचीच री ओढणार."

आणि हाच दादा त्याच्या दुकानातली, मोबाइलवरून पैसे आले की बोलणारी पेटी 'रुपये प्राप्त झाले' म्हणाली की मोबाइल न बघता माल देतो. का, तर ती मराठीत बोलते!

आता हेही सांगायला हवं, की लोकांची धास्ती अगदीच खुळी नाही. एटीएममधून पैसे न येता वजा झाले तर पाच दिवसांत परत जमा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम उगाच आलेला नाही. तुमच्यावर वेळ आली तर स्लिप जपा, तक्रार नोंदवून नंबर घ्या. लाथ मारू नका, वर कॅमेरा असतो.

दादाचं एटीएम कार्ड सध्या माझ्या पाकिटात असतं. 'पिन कोणालाही सांगू नका' हा कागद काउंटरच्या काचेवर मीच चिकटवला होता. दादाचा पिन मला पाठ आहे.