डायनाला माहेरच्या चॅपलमध्ये का पुरलं नाही?

तुम्ही विचारलंय की स्पेन्सर घराण्यातली माणसं शतकानुशतकं जिथे पुरली जातात, तिथे डायनाला जागा का नाकारली. नाकारली वगैरे काही नाही. आधीचा बेत तिथलाच होता. ३१ ऑगस्ट १९९७ला ती गेली, तेव्हा इंग्लंडमधल्या ग्रेट ब्रिंग्टन गावच्या चर्चमध्ये, घराण्याच्या चॅपलमधल्या (खासगी प्रार्थनाघरातल्या) दफनघरातच तिला ठेवायचं होतं. वडीलही १९९२पासून तिथेच आहेत. मग भाऊ चार्ल्स स्पेन्सरने बेत बदलला. एवढ्याशा गावात रोज लोंढे येणार, ते आवरणार कोण? म्हणून ६ सप्टेंबरला तिला ऑल्थॉर्पच्या, म्हणजे स्पेन्सरांच्या वाड्याच्या आवारातल्या तळ्यामधल्या बेटावर पुरलं. ती खरं तर चर्चमध्येच आहे, ही कुजबुज अजून चालते. मला ती पटत नाही.

मी काही काळ नॉर्दॅम्प्टनला होतो. तिथून हे गाव दहा किलोमीटरच्या आसपास. चॅपल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वेगळी इमारत होती. तसं नाही. गावच्या सेंट मेरी चर्चच्याच उत्तरेकडच्या अंगाला ते जोडलेलं आहे. गावकरी रविवारी प्रार्थनेला बसतात आणि पलीकडे हे सरदार आपापल्या बायकांसह दगडात आडवे.

घराण्याचा पैसा मेंढ्यांचा. जॉन स्पेन्सरने १५०८मध्ये ऑल्थॉर्प घेतलं ते लोकर आणि मटणाच्या जोरावर. चॅपलही त्याचंच, १५२२मध्ये तो वारला आणि तिथेच विसावला. पुढे १६०३मध्ये रॉबर्ट स्पेन्सर उमराव झाला. देशात सर्वांत जास्त रोकड याच्याकडे, असं तेव्हा बोललं जाई. १६२१मध्ये उमरावांच्या सभागृहात तो पूर्वजांचे दाखले देत होता, तर अरुंडेलचा अर्ल या दुसऱ्या उमरावाने टोमणा मारला, 'तेव्हा तुमचे पूर्वज मेंढ्या राखत होते.' रॉबर्टने तिथल्या तिथे सुनावलं, 'आणि तुमचे राजद्रोहाचे कट शिजवत होते.' अरुंडेलने माफी मागितली नाही, म्हणून त्याची रवानगी थेट टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत!

हा रॉबर्ट इथे बायकोशेजारी निजलाय. तिच्या अंगावरच्या दगडी पांघरुणावर कुळांची चिन्हं रंगवलेली आहेत. ते इतकं ताठ आहे की पांघरूण कमी आणि फळी जास्त वाटतं. त्याचा मुलगा विल्यम आणि सून पेनेलोपी यांची कबर शिल्पकार निकोलस स्टोनने घडवली, काळ्या-पांढऱ्या संगमरवरात, खांबांवर छत पेललेली. कारागिरीत तीच सरस. पण मला विसरता येत नाही तो सर एडवर्ड स्पेन्सर, १६५६चा. हे महाशय झोपलेलेच नाहीत, अस्थिकलशातून कमरेपर्यंत वर आलेत! कयामतीच्या दिवशी उठायचं, ते यांनी आधीच उरकून घेतलंय.

बाहेर पडताना चॅन्सेलमध्ये, म्हणजे वेदीकडच्या भागात, जमिनीकडे बघा. लॉरेन्स वॉशिंग्टनची शिळा आहे, १६१६ची. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या खापरपणजोबांचे हे वडील. शिळेवरच्या त्यांच्या कुलचिन्हात पट्टे आहेत आणि तारेही.

बेटावर जाता येत नाही, तळ्याच्या काठावरूनच बघायचं. ऑल्थॉर्पला मी गेलो तेव्हा तिकिटाला रांग होती. चर्चमध्ये मी एकटाच होतो.