दफ्तरासाठी पैसा कुठून आणायचा?

प्रश्न : टीटीसी (ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक) पट्ट्यातल्या एका कंपनीला जुनी सरकारी कागदपत्रे जपण्यासाठी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचा, पैसा द्यायचा आहे. पुराभिलेख संचालनालयाच्या (जुनी सरकारी कागदपत्रे सांभाळणाऱ्या राज्याच्या खात्याच्या) नावे थेट धनादेश चालेल का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : त्या वाटेला जाऊ नका. विषय नियमात बसतो. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे जतन आहेच. अडते ते पैसा कुणाच्या हातून जातो इथे. संचालनालय हे सरकारी खाते. सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामे घेणाऱ्या संस्थांची सरकारकडची नोंद) असलेला न्यास नव्हे. तेव्हा कंपनीने काम स्वतः करून द्यावे, नाहीतर तशी नोंदणी आणि तीन वर्षांचा अनुभव असलेल्या संस्थेमार्फत करावे. स्कॅनर, लोखंडी मांडण्या या वस्तू सार्वजनिक प्राधिकरणाच्या, म्हणजे संचालनालयाच्याच, मालकीच्या करता येतात. करारात तसे लिहून घ्या. नाहीतर काम संपल्यावर यंत्र कुणाच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवायचे याचा घोळ होतो, आणि रजिस्टरला नसलेल्या यंत्राच्या दुरुस्तीचे बिल कोणी मंजूर करत नाही.

रक्कम ठरवण्याआधी पाने मोजा. फूलस्केप पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रंगीत टिफमध्ये (न दाबलेल्या चित्र-फाइलीत) घेतले की सुमारे २९ एमबी होते. लाख पानांना जवळपास ३ टीबी. तीन प्रती (त्यातली एक दुसऱ्या गावी) ठेवायच्या तर ९ टीबी. पण खरा खर्च यंत्राचा नाही, माणसांचा आहे. रुमाल (दप्तर बांधलेले कापड) सोडणे, गंजक्या टाचण्या काढणे, मऊ ब्रशने धूळ झटकणे, पेन्सिलीने पानांना क्रमांक देणे, फाटक्या कडांना गव्हाच्या खळीने जपानी टिश्यू लावणे, आणि शेवटी सूची. मोडी वाचणारा नेमला नाही तर लाखभर चित्रे तयार होतात आणि हवे ते पान कुणालाच सापडत नाही. ठेकेदाराला ओला बोळा फिरवू देऊ नका. मोडी कागदांवरची काजळीची शाई उन्हाने उडत नसली तरी पाण्याने पसरते. चिकटपट्टी तर दारातच काढून घ्यावी.

एसी देणार असाल तर तो चोवीस तास चालवण्याचे वीजबिलही धरा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर हवी. दिवसा एसी चालू, संध्याकाळी शिपायाने बंद, असे झाले की गार कागदावर रात्री दमट हवा बसते आणि बुरशीचे फावते.

प्रश्न : निधी वाढवा असे निवेदन द्यायचे तर कुणाला? (नौपाड्यातील एक वाचनप्रेमी गट)

उत्तर : कुणाला याइतकेच केव्हा हेही पाहा. मार्चमधले निवेदन उपयोगाचे नाही, तोवर अर्थसंकल्प ठरलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मंत्रालयातल्या सांस्कृतिक कार्य विभागाला द्या, प्रत तुमच्या आमदारांना. अधिवेशनात पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च) येतात, तेव्हा आठवण करून द्या. त्याआधी अर्थसंकल्पातले मुख्य लेखाशीर्ष (खर्चाचा क्रमांक दिलेला मथळा) २२०५, कला व संस्कृती, उघडून गौण शीर्ष १०४ वाचा. पुराभिलेखांचा महसुली खर्च तिथे असतो. त्यात वेतन किती आणि जतनाला काय उरते हे वेगळे काढा. नुसत्या 'निधी अपुरा आहे' या वाक्याला काही वजन नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षाची गोष्ट वेगळी. तो महसूल खात्याचा. त्याच्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनेतून प्रस्ताव मांडून पाहता येतो.

प्रश्न : ९ जूनच्या आंतरराष्ट्रीय पुराभिलेख दिनी महाविद्यालयात मूळ कागदांचे प्रदर्शन भरवता येईल का? (एक ग्रंथपाल, ऐरोली)

उत्तर : जूनमध्ये, ठाण्याच्या पावसात, मूळ कागद? नको. त्या दिवशी छापील प्रतिकृती लावा. मूळ कागद मागायचेच तर जानेवारीसाठी, आणि प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत ठेवण्याची तयारी असेल तरच. बारा-पंधरा प्रतिकृती पुरेत. प्रत्येकीखाली मोडीचे बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर आणि आजच्या मराठीत दोन ओळी अर्थ. १८५३ची बोरीबंदर-ठाणे रेल्वे सगळ्यांना पाठ आहे, ती एका फलकावर आटपा. लोक थांबतात ते स्वतःच्या गावाच्या नावापाशी. बेलापूर, घणसोली, दिघे ही नावे जुन्या कागदात दिसली की घोळका जमतो. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात किती घरांनी जुनी दप्तरे धुंडाळली हे सर्वांनी पाहिलेच आहे.

बाहेर पडायच्या दाराशी एक अर्ज ठेवा: गाव, त्या काळचा तालुका, अंदाजे साल, कागद कशासाठी हवा. 'त्या काळचा' हा शब्द गाळू नका. पनवेल १८८३पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, मग कुलाब्यात गेले. पालघर २०१४मध्ये वेगळे झाले. चुकीच्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधणारा माणूस दोन खेपा घालतो आणि 'कागद गहाळ आहेत' असे सांगत फिरतो.

भरलेले अर्ज गावनिहाय मोजा आणि तो तक्ता वरच्या नौपाडेकरांच्या निवेदनाला जोडायला द्या. त्यांच्याकडे लेखाशीर्ष आहे, मागणीचा आकडा नाही.