कोबो ग्लोची स्क्रीन बदलल्यावर उभ्या रेषा आणि फिकट अक्षरं का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की कोबो ग्लो या ई-रीडरची (ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणाची) फुटलेली स्क्रीन काढून ऑनलाइन मागवलेलं सहा इंची पॅनेल बसवलं, रीडर सुरू होतो, पण उजवीकडे उभ्या रेषा येतात, अक्षरं राखाडी दिसतात आणि मागच्या पानाची सावली राहते. विक्रेता म्हणतो पॅनेल ठीक आहे. जुने रीडर मी हौसेने दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून सांगतो: हे दोन दोष आहेत आणि बहुधा दोन वेगळ्या कारणांचे. पॅनेल परत करायचं की नाही हे रेषांवरून ठरवा, फिकटपणावरून नको.

आधी रेषा. रीडर बंद करून बॅटरीची जोडणी काढा. ही पायरी कृपया टाळू नका. पान बदलताना बोर्ड या पॅनेलला साधारण +15, −15, +22 आणि −20 व्होल्ट पुरवतो. केबल अर्धवट बसलेली असताना ते चुकीच्या जागी पोचलं तर पॅनेल जाईल किंवा पॉवर आयसी (हे व्होल्टेज पुरवणारी चिप). मग फ्लेक्स केबल (पॅनेल बोर्डाला जोडणारी लवचिक पट्टी) पूर्ण बाहेर काढा, टोकावरचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि केबल सरळ आत सरकवून लॉक लावा. जराशी तिरकी बसली तरी रेषांचा पट्टाच्या पट्टा उमटतो. पुन्हा बसवल्यावर रेषा हलल्या किंवा कमी झाल्या तर दोष जोडणीत आहे. त्याच जागी तशाच राहिल्या तर काचेच्या कडेला तडा गेलाय किंवा तिथली ड्रायव्हरची (पडद्याच्या रेषा चालवणाऱ्या चिपची) जोडणी सुटलीय. घरी त्यावर उपाय नाही, पॅनेल परत करा. वरून बोट फिरवून तडा कळणार नाही, कारण वरचा थर प्लास्टिकचा असतो आणि काच त्याच्या खाली असते.

आता फिकटपणा आणि सावली. इथे बहुतेक लोक अडकतात. प्रत्येक ई-इंक (इलेक्ट्रॉनिक शाईच्या) पॅनेलचं स्वतःचं व्हीकॉम व्होल्टेज, म्हणजे पडद्याच्या सगळ्या ठिपक्यांना सामाईक असं संदर्भ व्होल्टेज असतं, बहुधा −1 ते −3 व्होल्टच्या दरम्यान. एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलांतही ते वेगळं निघतं, चष्म्याच्या नंबरासारखं. कारखान्यात मोजलेला हा आकडा पॅनेलच्या मागच्या किंवा फ्लेक्सवरच्या लेबलावर छापलेला असतो, उदाहरणार्थ −2.06. काही रीडरमध्ये पॅनेलच्या फ्लेक्सवरच छोटी मेमरी असते आणि ही माहिती पॅनेलसोबत येते. तुमच्या ग्लोमध्ये मात्र ती बोर्डाच्या बाजूला राहते, म्हणजे नवं पॅनेल जुन्याच्या आकड्यावर चाललंय. जुनं पॅनेल टाकून दिलं नसेल तर दोन्ही लेबलं शेजारी ठेवून बघा. फरक दोन-तीन शतांशांचा असेल तर कारण दुसरीकडे शोधा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर फिकटपणाचं कारण जवळपास नक्की सापडलं. असा चुकीचा आकडा महिनोन्‌महिने तसाच ठेवू नका, त्याने पॅनेल हळूहळू खराबही होऊ शकतं.

आकडा बदलण्याआधी एक साधी चाचणी करा. वाचनाच्या सेटिंगमध्ये दर पानाला पूर्ण रिफ्रेश (पडदा पूर्ण पुसून पुन्हा रंगवणं) लावा आणि वीसेक पानं उलटा. बराच काळ पडून असलेलं पॅनेल पहिल्या काही रिफ्रेशमध्ये सुधारतं. ही चाचणी थंड खोलीत करू नका. रीडर तापमान मोजून त्यानुसार वेव्हफॉर्म (ठिपके बदलण्यासाठी द्यायच्या व्होल्टेजचा क्रम) निवडतो आणि थंडीत सावली तशीही जास्त राहते. पूर्ण रिफ्रेशनंतर पान स्वच्छ होत असेल तर व्हीकॉमला हात लावायची घाई नको.

बदलायचंच ठरलं तर ग्लो उघडा, बोर्डावरचं मायक्रोएसडी कार्ड काढा आणि संगणकावर त्याची संपूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्या. सिस्टिम, वेव्हफॉर्म आणि हार्डवेअरच्या सेटिंग सगळं त्याच कार्डावर असतं. फक्त फायली कॉपी करून भागत नाही, कारण यातला काही भाग विभाजनांच्या (पार्टिशनच्या) बाहेर, कार्डाच्या सुरुवातीला असतो.

मध्येच पडदा एखाद्या चित्रावर गोठला तर बोर्ड गेला असं समजू नका. ई-इंक वीज नसतानाही शेवटचं चित्र धरून ठेवते. यूएसबीने संगणकाला जोडून चालू करा; संगणकाला रीडर सापडला तर बोर्ड जिवंत आहे आणि पुन्हा केबलच तपासायची आहे.

लेबलांचे फोटो इथे टाका. दोन्ही आकडे दिसले की पुढचं नेमकं सांगता येईल. तोवर नवं पॅनेल दुहेरी टेपने चिकटवू नका, परत पाठवायची वेळ आली तर ते सोडवतानाच फुटतं.