३० टाक्यांचे ३७ कसे होतात? नव्याने विणायला घेतलेल्यांसाठी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बहिणीला डिसेंबरात बाळ होणार आहे, त्याच्यासाठी स्वेटर विणायची इच्छा आहे. सरावासाठी ३० टाके घालून सगळ्या ओळी सुलट अशी पट्टी घेतली. वीतभर झाल्यावर मोजले तर टाके ३७. कडा वाकड्या, मध्ये एक भोक. दोनदा सगळं उसवलं, आणि आता वाटतंय की आपल्या हाताला हे जमणारं नाही.

जमणारं आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. वीतभर पट्टी झाली म्हणजे सुई टाक्यात घालणं, लोकर फिरवणं, नवा टाका ओढून काढणं आणि जुना सोडणं हे सगळं तुमच्या हातांनी हजारावर वेळा केलंय. हात शिकलेत. आता डोळ्यांनी शिकायचं राहिलंय. सुईवर काय दिसतंय ते ओळखता आलं की चूक झाल्या झाल्या कळते, आणि वेळेवर कळलेली चूक दोन मिनिटांत सुधारते. नवीन मंडळी विणकाम सोडतात ती बहुतेक वेळा इथेच. चूक कुठे झाली ते दिसत नाही, म्हणून दरवेळी सगळं उसवायचं, आणि मग कंटाळा येतो.

आधी त्या सात जादा टाक्यांचं बघू. त्यातले बरेचसे कडेला वाढले असणार. ओळ संपवून काम पालटलं की पहिला टाका जरा सैल असतो आणि गुंड्याची लोकर त्याच्याच बुडातून निघालेली असते. सुलट विणायला लोकर मागे हवी, म्हणून ती सुईच्या वरून मागे ओढली जाते. त्या ओढीने पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याच्या खालच्या टाक्याचे दोन्ही पाय, म्हणजे त्याच्या फासाच्या दोन्ही बाजू, सुईवर चढतात. एका टाक्याच्या जागी दोन दिसतात, तुम्ही दोन्ही विणता, एक टाका वाढतो. उपाय अगदी साधा आहे. पहिला टाका विणण्याआधी लोकर समोरून खाली लोंबू द्या आणि मग सुईच्या खालून मागे न्या. आजच्या आज दहा ओळी अशा विणून बघा, कडा किती सरळ येतात ते तुम्हालाच दिसेल.

मधल्या भोकाचं कारण वेगळं आहे. विणता विणता लोकर कधीतरी पुढच्या बाजूला राहिली आणि तशीच पुढचा टाका सुलट विणला, की सुईवर लोकरीचा एक मोकळा वेढा पडतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक उरतं. जाळीच्या शालींमधली नक्षी मुद्दाम घेतलेल्या अशाच वेढ्यांनी उमटते, आणि बाळाच्या स्वेटरचं बारीकसं काजंही असंच करतात: एक वेढा घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे संख्या तीच राहते. तेव्हा ते भोक नीट बघून ठेवा, स्वेटरला काजं करताना उपयोगी पडेल. नको असलेला वेढा सुईवरच दिसला तर विणू नका, सरळ सोडून द्या. त्याची लोकर आजूबाजूच्या टाक्यांत जिरून जाते.

आणखी एक गोष्ट, कारण ही जवळजवळ सगळ्यांची होते. ओळ अर्धी असताना दार वाजलं, काम खाली ठेवलं, परत आल्यावर उलट्या दिशेने विणायला लागलो. मग एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि पट्टी तिरकी दिसते. गुंड्याकडे जाणारी लोकर ज्या सुईवरच्या टाक्यातून निघते, ती सुई उजव्या हातात. एवढं लक्षात ठेवलं तर दिशा चुकत नाही.

आता टाका ओळखायचा कसा. सुईच्या लगेच खाली बघा. सुलट टाक्याच्या बुडाशी इंग्रजी व्ही दिसतो, उलट टाक्याच्या बुडाशी आडवी गाठ. सुलट आणि उलट हे एकाच टाक्याचे दोन चेहरे आहेत. इकडून सुलट विणलेला टाका पलीकडून उलट दिसतो. तुम्ही दोन्ही बाजूंनी सुलटच विणता आहात, म्हणून पट्टीवर आडव्या रेघा उठतात, आणि दर दोन ओळींमागे एक रेघ. ओळी मोजायच्या तर रेघा मोजून दुप्पट करा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलीत तर सुलट बाजू गुळगुळीत येईल, पण ती पट्टी गुंडाळली जाईल: कडेच्या बाजू मागे, वर-खालच्या बाजू पुढे. नवीन माणसाला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, त्या विणीचा स्वभावच तो. म्हणून तर स्वेटरला खाली एक सुलट, एक उलट असा काठ घालतात.

टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. नेहमीच्या पद्धतीत पुढचा पाय उजवीकडे असतो. निसटलेला किंवा उसवून परत घेतलेला टाका उलटा बसला तर विणल्यावर त्याचे पाय बुडाशी एकमेकांवर चढतात आणि तो आवळलेला दिसतो. असा टाका दिसला तर विणण्याआधी फिरवून बसवा.

निसटलेल्या टाक्याला तर फार लोक घाबरतात. तो आपोआप भराभर खाली जात नाही, आजूबाजूला ताणलं तरच घसरतो. त्यात आधी सेफ्टी पिन अडकवा आणि शांतपणे बघा. त्याच्या वर लोकरीच्या आडव्या पायऱ्यांची शिडी दिसेल. क्रोशाची सुई पुढून घालून एकेक पायरी टाक्यातून ओढून घेत वर यायचं. तुमच्या विणीत मात्र एक पायरी पुढून आणि पुढची मागून ओढावी लागेल, नाहीतर रेघ मोडेल. एका तुकड्यावर मुद्दाम टाका सोडून हा सराव करा. निसटलेला टाका परत आणता येतो हे हाताला एकदा कळलं की सुया धरण्यातली भीतीच जाते.

उसवायची वेळ आली तरी सुई काढून लोकर ओढू नका. डावी सुई खालच्या ओळीच्या टाक्यात घाला, वरचा सोडा, लोकर ओढा. एकेक टाका असं मागे जा. मोठ्या कामात दर काही ओळींनी शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा सुईत ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून घालून ठेवा. कितीही उसवलं तरी दोऱ्यापाशी थांबतं.

तुम्ही काळी, लव असलेली लोकर घेतली आहे असं लिहिलंय. ती बाजूला ठेवा, पुढे वापरता येईल. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि लव असली की उसवताना गुंता होतो. फिकट, एकरंगी, नीट पीळ दिलेली, मध्यम जाडीची लोकर घ्या. बाळासाठी मऊ ॲक्रिलिक चांगलं, ते वारंवार धुता येतं. एका कामाला लागणारे सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. वेगळ्या लॉटमधला तोच रंग दुकानात सारखा वाटतो, स्वेटरच्या मध्यावर पट्टा दिसतो.

सुयांच्या नंबरांचा घोळ आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नंबर उलटे चालतात, तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची. नेटवरचा अमेरिकन नमुना आणि दुकानातली आपली सुई असा मेळ घातला की माप हमखास बिघडतं. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुरुवातीला ४ मिमीच्या बांबूच्या सुया घ्या. धातूच्या सुयांवरून टाके घसरतात, बांबूवर जरा धरून राहतात.

लोकर कुठल्या हातात धरायची? उजव्या हाताने सुईवरून फिरवा किंवा डाव्या बोटावर ताणून सुईच्या टोकाने ओढून घ्या, कापड तेच होतं. फक्त शिकत असताना एकच पद्धत धरा. आज एक व्हिडिओ, उद्या दुसरा, असं केलं की हात गोंधळतात. डावखुऱ्यांनीही आधी नेहमीच्याच पद्धतीने शिकून बघावं, दोन्ही हातांना काम असतंच.

नमुन्याचा तुकडा, म्हणजे आपले टाके किती सेंमीत किती बसतात ते मोजायला आधी विणलेला छोटा चौकोन, विणायचा सगळ्यांनाच कंटाळा. तरीही विणा. छापील नमुन्यात १० सेंमीत २२ टाके लिहिलेत आणि तुमचे २० बसतात, तर ८८ टाक्यांचं कापड ४० ऐवजी ४४ सेंमी होईल. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिकेने तर सगळा स्वेटर या एका मोजणीवर उभा केला. छातीच्या घेराचे टाके १०० टक्के धरायचे, मनगटाशी त्याचे २० टक्के, गळ्याशी ४० टक्के. हे समजलं की छापील नमुन्यावाचून अडत नाही. मला विणकामातली ही मोकळीक फार आवडते, आणि ती तुम्हालाही मिळावी असं मनापासून वाटतं.

पण स्वेटरच्या आधी टोपी करा. वीण तुम्हाला येते तीच, टाके वाढवणं-घटवणं काही नाही. मध्यम लोकर, ४ मिमीच्या सुया, ३३ टाके. साधारण १५ सेंमी रुंदी येईल, दोन-तीन टाके इकडे-तिकडे चालतील. सगळ्या ओळी सुलट विणत जा, पट्टी ३२ सेंमी लांब होईपर्यंत. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो आणि ही वीण लांबीच्या दिशेने छान ताणते, म्हणून पट्टी थोडी कमीच ठेवायची. टाके सैल हाताने बंद करा. सुरुवातीची आणि शेवटची कड एकमेकींना शिवा म्हणजे नळकांडं होईल. मग त्याची एक बाजू सरळ शिवून टाका. डोक्यावर घातली की दोन्ही कोपरे कानांसारखे वर येतात. ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. लोंबणारे गोंडे किंवा लांब नाड्या लावू नका, बाळाच्या गळ्याशी आणि तोंडाशी ते धोक्याचं. लोकरीची टोकं आतल्या बाजूने, दिशा बदलत, चार-पाच सेंमी ओवून टाका. नुसत्या गाठी टोचतात आणि धुण्यात सुटतात.

टोपी झाली की स्वेटरला लागा. पुढून उघडणारा करा, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढणं त्रासाचं असतं. माप नवजाताचं घेऊ नका. डिसेंबरात जन्मलेलं बाळ थंडी सरेपर्यंत चांगलं वाढलेलं असतं, तेव्हा छातीचा तयार घेर ४८ सेंमी धरा. नमुन्याच्या तुकड्याची मोजणी इथे कळवलीत तर किती टाके घालायचे ते आपण मिळून काढू. आणि ती ३७ टाक्यांची पट्टी उसवू नका. तिच्यावर वाढलेले टाके कुठे कुठे आहेत ते सुई टेकवून शोधा, आणि सापडतील तसे फोटो टाका.