घर गंगाखेडला आहे. नोकरी सेलूला घ्यावी की नांदेडला? परभणी जंक्शनला गाडी बदलून रोज अपडाऊन जमेल का?

नांदेड घ्या. सेलू जवळ आहे हे खरं, पण रोजच्या माणसाला किलोमीटरपेक्षा गाडी वेळेवर येते की नाही ते महत्त्वाचं. मी परळी लाईनवरचाच, बरीच वर्षं परभणीत गाडी बदलतोय.

परभणीला मनमाड-नांदेड लाईनला परळीची लाईन येऊन मिळते. परभणी ते नांदेडच्या पुढचं मुदखेड हे ८१ किलोमीटर दुहेरी झालेत. मनमाडकडे मात्र एकेरीच रूळ. सेलू, मानवत रोडकडची तुमची गाडी पेडगावसारख्या छोट्या स्टेशनात क्रॉसिंगला लावली, की समोरून सचखंड एक्स्प्रेस निघून जाईपर्यंत बसा बघत. परतताना तोच उशीर परभणीला नडतो, कारण परळीकडे गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर बसायची हौस कुणाला?

सेलूच्या बाजूची एकच गाडी नोकरदारांच्या वेळेची म्हणता येईल, ती मराठवाडा एक्स्प्रेस. पण ती पहाटे धर्माबादहून निघते आणि संभाजीनगरला हायकोर्टाच्या वेळेला टेकते. वकील-पक्षकारांना सोयीची, तुमच्या ऑफिसला फार लवकरची.

नांदेडला जाताना परभणीत उतरायचीही गरज पडत नाही कधी कधी. पनवेल-नांदेड लातूर-परळीवरून येते, गंगाखेडहून थेट नांदेड. ती हुकली तर यस्टीने परभणी गाठा. बसस्टँड स्टेशनपासून जवळच आहे. तिथून नांदेडकडे एक्स्प्रेस, पॅसेंजर काही ना काही मिळतंच. आमच्यातले निम्मे लोक असंच करतात, पास खिशात असूनही.

पासचं आधी बघून घ्या. १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, गंगाखेड-नांदेड त्यात आरामात बसतं. सुपरफास्टमध्ये चढायचं तर जादा आकार वेगळा भरावा लागतो. तपोवन, मराठवाडा या एक्स्प्रेसना तो लागत नाही. पासवर रिझर्वेशनच्या डब्यात मात्र बसू नका. "पुढच्याच स्टेशनला उतरतो साहेब" हे टीसीने हजारदा ऐकलेलं असतं.

आणि जनरल डबा कुठे लागतो ते पहिल्याच आठवड्यात पक्कं करा. परभणीत दादरा (पादचारी पूल) चढून पलीकडे जाईपर्यंत गाडी सुटते. परभणीच्या दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत, फेब्रुवारीत, तर घरून अर्धा तास आधीच निघा.

सेलूचीच नोकरी घ्यावी लागली, तर खोली सेलूत करा आणि शनिवारी गावाकडे या.