हळद फोटोत हिरवट का दिसते?

प्रश्न : भाऊ, आमचा दहा बायांचा बचत गट आहे. वायगावची हळद दळून पाव आणि अर्धा किलोच्या पाकिटांत विकतो. भाच्यानं मोबाईलवर फोटो काढले, तर हळद एकदा भडक पिवळी येते, एकदा हिरवट. नागपूरच्या एका गिऱ्हाइकानं तर विचारलं, रंग टाकता का? व्हिडिओसाठी शहरातला एक जण 25 हजार मागतो. द्यावेत का?
– एक भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, पैशाचं मागून बघू, आधी रंगाचं.

समोर काय काय दिसतंय त्यावरून मोबाईल उजेडाचा रंग ताडतो. चौकटभर हळदच असली की त्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो निळसर झाक वाढवतो आणि हळद फिकी, हिरवट पडते. त्यात घरात ट्यूबलाइट सुरू आणि दारातून उन्हाचा उजेड असला, तर विचारूच नका.

सकाळी छपरीत बसा. उजेड एका बाजूनं यावा, ऊन थेट परातीवर नको. घरातले दिवे बंद करा, लेन्स पदरानं पुसून घ्या. परातीला लागून एक कोरा पांढरा कागद ठेवा. मोबाईलमध्ये प्रो मोड (सगळं हातानं ठरवायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग सावरायची सेटिंग, अशी लावा की तो कागद पडद्यावर पांढराच दिसेल. नसेल, तर कागदासकट फोटो काढा, एडिटिंगमध्ये कागद पांढरा करा आणि मग तेवढा भाग कापून टाका. हळदीवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनवर सूर्याची खूण येते, ती जराशी खाली ओढा. भुकटीचे कण दिसायला लागतील. उजेड जास्त झाला की नुसता पिवळा डाग उरतो, अन् गिऱ्हाइकाला रंगाचा संशय येतो तो तिथंच. शेवटी पाकीट फोडून पडद्याशेजारी धरा. जुळलं तरच फोटो पाठवा, तोही व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून. फिल्टर मात्र लावू नका. भाच्याला सांगा, ते लग्नाच्या अल्बमला ठीक.

पाकीट चकाकत असेल तर थोडं तिरपं करा. मागचा फोटोही टाका, 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्न परवान्याचा) वाचता आला पाहिजे. वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालं, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद नसेल तर त्याचं चिन्ह पाकिटावर नको, फोटोतही नको.

आता 25 हजार. पाकिटांच्या फोटोंसाठी एक रुपयाही देऊ नका, ते भाचा काढेल. व्हिडिओ करायचाच तर हळद उकडायच्या दिवसांत करा. आत्ता रिकाम्या शेतात ड्रोन उडवून काय दिसणार? कढईमागून कोवळं ऊन यावं अन् त्यामागं झाडांची सावली असावी, म्हणजे वाफ उठून दिसते. दुपारच्या उन्हात ती दिसतच नाही. मग कोणीतरी वाळलेलं हळकुंड कॅमेऱ्याजवळ मोडावं. कट्‌ असा आवाज अन् आतला नारिंगी रंग, एवढ्यावर गिऱ्हाइकाचा प्रश्न मिटेल. गाणं सिनेमातलं लावू नका, धंद्याच्या व्हिडिओला त्याची परवानगी लागते. बाया काम करताना बोलतात तेच ठेवा. ते दिवस लग्नसराईचे, आम्ही फोटोवाले तेव्हा सापडत नाही, म्हणून तारीख आधीच धरा.

सही करण्याआधी कागद वाचून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटो-फिल्मचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ते ‘वेगळं’ बारीक अक्षरात असतं. उभा आणि आडवा असे दोन्ही व्हिडिओ मागा, मूळ फाइलीही मागा. अर्धे पैसे आधी द्या, उरलेले पैसे फाइली तुमच्या पेनड्राइव्हवर उघडून बघितल्यावर.